वाद्यवृंदाचा खर्ज

ट्यूबा हे पाश्चात्त्य वाद्यवृंदातले सर्वांत ढाल्या आवाजाचे पितळी वाद्य, आणि वयाने जवळजवळ सर्वांत धाकटे. व्हायोलिन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन ही वाद्ये शतकानुशतके घडत गेली; त्यांची जन्मतारीख कुणाला सांगता येत नाही. ट्यूबाची सांगता येते: १२ सप्टेंबर १८३५. त्या दिवशी प्रशियाच्या सरकारने लष्करी बँडचे प्रमुख विल्हेल्म वीप्रेख्त आणि बर्लिनचे वाद्यकारागीर योहान गॉटफ्रीड मोरित्स यांना ‘बास-ट्यूबा’चे पेटंट दिले. उघड्या मैदानावर, घोड्यांच्या टापांच्या आवाजात टिकेल असा पितळी खर्ज वीप्रेख्तना आपल्या बँडसाठी हवा होता. व्हॉल्व्हचा शोध लागून तेव्हा वीस-एक वर्षे झाली होती. व्हॉल्व्ह दाबला की हवा नळीच्या एका जास्तीच्या वेटोळ्यातून फिरून येते, नळी तेवढी लांब होते आणि स्वर उतरतो. मोरित्स यांच्या पहिल्या ट्यूबाला असे पाच व्हॉल्व्ह होते. त्याची पट्टी ‘एफ’ होती, म्हणजे आपल्या पेटीच्या हिशेबात पांढरी चार, आणि त्याची नळी उलगडली तर सुमारे बारा फूट भरली असती.

पुढे या वाद्याची भावंडे बरीच झाली. ‘सी’ पट्टीतला मोठा ट्यूबा सोळा फूट लांबीचा, ‘बी-फ्लॅट’मधला अठरा फुटांचा, फ्रान्समधला छोटा ट्यूबा मात्र अवघा आठ फुटांचा. स्कोअरवर सगळीकडे ‘ट्यूबा’ हा एकच शब्द छापलेला असतो, पण बर्लिन, पॅरिस, लंडन आणि शिकागो या चार शहरांत त्या शब्दाचा अर्थ बराच काळ चार वेगळी वाद्ये असा होता. या वाद्याची ध्वनिमुद्रणे निवडताना म्हणूनच कंडक्टरच्या नावाइतकाच आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: खाली वाजते आहे ते नेमके कोणते?

ट्यूबाच्या आधी खर्जाची जागा रिकामी नव्हती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या ओसेर गावी एदमे गियोम या धर्मगुरूने ‘सर्पंट’ बनवला, असे परंपरा सांगते. लाकडाची नागमोडी नळी, तिच्यावर चामड्याचे वेष्टन आणि बोटांनी झाकायची सहा भोके. चर्चमधल्या गायकांच्या प्रार्थनासंगीताला खालून आधार देणे हे त्याचे काम होते. १८२१ साली पॅरिसच्या अलारी या कारागिराने ‘ऑफिक्लाइड’चे पेटंट घेतले. हे पितळेचे, सरळ उभे वाद्य. त्याची भोके झाकायला सॅक्सोफोनसारख्या चाव्या होत्या. त्याचे नावच ग्रीक भाषेतल्या ‘सर्प’ आणि ‘चावी’ या शब्दांपासून बनले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या बऱ्याच रचना मुळात या दोन वाद्यांसाठी लिहिलेल्या आहेत आणि आज त्या सवयीने ट्यूबावर वाजवल्या जातात.

यातले सर्वांत ठळक उदाहरण बर्लिओझच्या ‘सिंफनी फँटास्टिक’चे. ५ डिसेंबर १८३० रोजी पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटोरीत ती प्रथम वाजली. शेवटच्या भागात चेटकिणींच्या मेळाव्यात घंटा घणघणतात आणि पाठोपाठ ‘दिएस इरे’ ही मृतांसाठीच्या प्रार्थनेची जुनी धून खालच्या पट्टीतून सुरू होते. बर्लिओझने ती बसूनांच्या जोडीला ऑफिक्लाइड आणि सर्पंटला दिली होती. जो सर्पंट चर्चमध्ये हीच प्रार्थना धरून वाजायचा, तोच इथे चेटकिणींच्या टोळीत उभा केलेला. त्या काळच्या श्रोत्याला ही थट्टा चांगलीच झोंबली असणार. आधुनिक ट्यूबावर ती धून भव्य होते, पण तिच्यातला विखार जातो. जॉन एलियट गार्डिनर यांनी १९९१ साली ‘ऑर्केस्त्र रेव्होल्युस्योनेर ए रोमांतिक’ला घेऊन, पॅरिसमधल्या त्याच जुन्या सभागृहात, सर्पंट आणि ऑफिक्लाइडसह ही सिंफनी ध्वनिमुद्रित केली. तिच्यातला तो घोगरा, किंचित फाटका, बेसूर होतो की काय अशी धास्ती घालणारा आवाज ऐकल्यावर बर्लिओझला काय ऐकू येत होते याचा अंदाज येतो. ट्यूबाचा इतिहास ऐकायला सुरुवात करायची तर ती ट्यूबा नसलेल्या या ध्वनिमुद्रणापासून करावी.

बर्लिओझ स्वतः मात्र जुन्याला चिकटून राहिला नाही. १८४३ साली तो बर्लिनला गेला, वीप्रेख्तचे बँड त्याने ऐकले आणि नवा बास-ट्यूबा त्याला पसंत पडला. वाद्यवृंदलेखनावरच्या आपल्या ग्रंथात त्याने त्याची शिफारस केली आणि पुढे आपल्याच रचनांत ऑफिक्लाइडऐवजी ट्यूबा चालवून घेतला. इटलीत वेर्दीचे मत उलट पडले. त्याला खाली ट्रॉम्बोनच्याच जातीचा, सरळ आणि कडक आवाज हवा होता. ट्यूबाचा गोल घुमारा त्याला ट्रॉम्बोनांत मिसळणारा वाटत नव्हता. त्याच्या ऑपेरांत ट्यूबाऐवजी ‘चिंबासो’ हे नाव दिसते.

ट्यूबाला खरी प्रतिष्ठा दिली ती वाग्नरने. ‘माइस्टरझिंगर’ या ऑपेराच्या पूर्वरंगात, शेवटाकडे, तीन वेगवेगळ्या सुरावटी एकमेकींवर रचलेल्या आहेत: वर व्हायोलिनांत प्रेमाची धून, मध्ये लाकडी सुषिरवाद्यांत कारागीरसंघाच्या मिरवणुकीची लगबग आणि सर्वांत खाली मुख्य विषय. हा तळातला विषय बसून व डबल बेसबरोबर ट्यूबाकडे आहे. एरवी ट्रॉम्बोनांच्या मागे बसून ‘हूं’ भरणारे वाद्य इथे पूर्ण सुरावट घेऊन चालते आणि शेवटी एक कंपसुद्धा घेते. ऑटो क्लेम्परर यांनी लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदाबरोबर १९६०च्या सुमारास केलेल्या मुद्रणात लय इतकी संथ आणि सगळे थर इतके स्वच्छ आहेत की नवख्या कानालाही ही तळातली चाल धरता येते. तेजस्वी मुद्रणे दुसरी आहेत. शिकण्यासाठी हे बरे.

‘झीगफ्रीड’ या ऑपेराच्या दुसऱ्या अंकाचा आरंभ तर ट्यूबाशिवाय उभाच राहत नाही. गुहेत फाफनर हा राक्षस ड्रॅगनचे रूप घेऊन सोन्यावर वेटोळे घालून पडला आहे. वाग्नरने त्याचे अंग कॉन्ट्राबास ट्यूबावर, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि ढाल्या जातीच्या ट्यूबावर लिहिले. स्वर सरपटत वर येतात, अडखळतात, पुन्हा खाली लोळतात. जॉर्ज शोल्टी आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक यांनी १९६२ साली ‘डेका’साठी केलेले ‘झीगफ्रीड’ या प्रसंगासाठी ऐकावे. निर्माते जॉन कल्शॉ यांनी स्टिरिओ मुद्रणाचा उपयोग रंगभूमीसारखा केला होता. ड्रॅगन समोर दिसत नाही, पण गुहेची खोली कळते.

इथे एक गोंधळ निस्तरायला हवा. वाग्नरने ‘झीगफ्रीड’ ज्याचा भाग आहे त्या ‘रिंग’ या ऑपेराचक्रासाठी ‘वाग्नर ट्यूबा’ नावाचे आणखी एक वाद्य बनवून घेतले. नाव ट्यूबाचे असले तरी ते हॉर्नवादक हॉर्नच्याच माउथपीसने वाजवतात. ब्रुकनरच्या सातव्या सिंफनीचा अदाजो अशा चार वाग्नर ट्यूबांनी सुरू होतो; त्यांच्या खाली पाचवा आवाज खऱ्या ट्यूबाचा. वाग्नरचे निधन फेब्रुवारी १८८३मध्ये झाले, तेव्हा ब्रुकनर हा भाग लिहीत होता, आणि शेवटचा शोकस्वर त्याने या पाच वाद्यांच्या हाती ठेवला. कारायान यांचे १९८९मधले व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरचे मुद्रण हे त्यांचे अखेरचे; त्यातला हा शेवट घाई न करता विझत जातो.

सगळे संगीतकार इतके उदार नव्हते. ब्राम्सने चार सिंफनींपैकी फक्त दुसरीत ट्यूबा वापरला. द्वोरझाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीत ट्यूबाच्या वाट्याला येतात एकूण चौदा स्वर, तेही सगळे दुसऱ्या भागातल्या सुरांच्या संथ रांगेत. पाऊण तासाच्या रचनेत वादक बाकी वेळ वाद्य मांडीवर घेऊन बसलेला असतो. ट्यूबावादकांत यावर विनोद पुष्कळ चालतात, पण ते चौदा स्वर सोपे नाहीत: इतका वेळ थंड पडलेल्या नळीतून पहिलाच स्वर मंद, सुरात आणि ट्रॉम्बोनांच्या श्वासाबरोबर यावा लागतो. फ्रिट्झ रायनर आणि शिकागो सिंफनीचे १९५७चे मुद्रण त्यासाठी ऐकावे. हे चौदा स्वर ‘ऐकू’ येत नाहीत. त्यांच्यामुळे बाकीचे स्वर उभे राहतात, एवढे जाणवते. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेविषयी जे म्हणता येईल तेच इथेही.

मालरने या वाद्याकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहिले. पहिल्या सिंफनीच्या तिसऱ्या भागात लहान मुलांचे एक साखळीगीत मृत्यूच्या मिरवणुकीसारखे, कोमल स्वरांच्या छायेत येते. आधी एकटा डबल बेस, मग बसून, मग चेलो आणि त्यानंतर ट्यूबा. हा प्रवेश अगदी हळू आवाजात करायचा असतो. मोठ्या पितळी वाद्यावर हळू वाजवणे हे जोरात वाजवण्यापेक्षा कितीतरी अवघड. सहाव्या सिंफनीच्या शेवटच्या भागाच्या आरंभी तर ट्यूबा एकटाच अंधारातून वर येतो. पहिल्या सिंफनीसाठी कार्लो मारिया जुलिनी यांचे १९७१चे आणि सहावीसाठी शोल्टी यांचे १९७०चे, अशी शिकागोचीच दोन मुद्रणे सुचवता येतील. शिकागोचे नाव इतक्या वेळा का येते, ते पुढे येईलच.

पॅरिसमध्ये गोष्ट निराळी होती. फ्रेंच वाद्यवृंदात सहा व्हॉल्व्हचा, आठ फूट नळीचा छोटा ट्यूबा वापरत. त्याची पट्टी युफोनियम या छोट्या पितळी वाद्यापेक्षाही एका स्वराने चढी. खाली व्हॉल्व्हच्या जोरावर तो बऱ्यापैकी उतरतो, पण त्याचे खरे सौंदर्य वरच्या सप्तकात आहे. राव्हेलने १९२२ साली कंडक्टर कुसेविट्स्की यांच्यासाठी मुसोर्ग्स्कीच्या ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’चे वाद्यवृंदासाठी रूपांतर केले, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हे वाद्य होते. ‘बिद्वो’ या चित्रात अवजड चाकांची पोलिश बैलगाडी जाते. दूरवरून गाडी येते, समोरून खडखडत जाते, नाहीशी होते, आणि गाडीवानाचे उदास गाणे ट्यूबावर. सुरावट चढत पियानोच्या मध्य ‘सी’च्याही वरच्या काळी चारपर्यंत पोहोचते. आठ फुटी फ्रेंच वाद्यावर हे गाणे आहे. सोळा फुटी जर्मन वा अमेरिकी वाद्यावर तो कड्यावर चढण्याचा प्रकार होतो. म्हणून आज अनेक वाद्यवृंद ‘बिद्वो’पुरते युफोनियम किंवा छोटा एफ ट्यूबा आणतात.

एक बारीक गोष्ट इथे ऐकण्यासारखी आहे. मुसोर्ग्स्कीच्या हस्तलिखितात बैलगाडी पहिल्या स्वरापासून पूर्ण जोरात, अगदी अंगावर येते. रिम्स्की-कोर्साकोव्हने पियानो-आवृत्ती छापताना ती दूरवरून हळूहळू येईल असे केले, आणि राव्हेलने तीच आवृत्ती वापरली. ट्यूबावादकाला त्यामुळे आरंभीच मंद आवाजात लांब दमसास दाखवावा लागतो. कुसेविट्स्कींनी १९३० साली बॉस्टन सिंफनीबरोबर ही रचना स्वतः मुद्रित केली. राफाएल कुबेलिक यांनी १९५१मध्ये शिकागोत, एकाच मायक्रोफोनवर, ‘मर्क्युरी’साठी केलेले मुद्रण आवाजाच्या स्वच्छतेमुळे गाजले, रायनर यांचे १९५७चे मुद्रण तिथलेच, आणि आजही सहज मिळते. स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘पेत्रुष्का’तला अस्वलवाला शेतकरीही याच फ्रेंच परंपरेतला. क्लॅरिनेट त्याची पिपाणी वाजवते आणि मागच्या पायांवर डुलणारे अस्वल म्हणजे उंच पट्टीतला ट्यूबा. संगीतकाराने स्वतः १९६० साली केलेल्या मुद्रणात अस्वलाची कीव येते, हसू नाही.

ध्वनिमुद्रणाच्या तंत्राचा आणि ट्यूबाचा संबंध मात्र याहून जुना आणि जरा गमतीचा आहे. १९२५ साली विजेवर चालणारे मुद्रण येण्यापूर्वी वादकांना एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीने बसवत. त्या कर्ण्याला डबल बेसचा आवाज पकडताच येत नसे. त्यामुळे कंपन्या सर्रास डबल बेसच्या ओळी ट्यूबाकडे सोपवत. मोत्सार्टच्या किंवा बेथोव्हेनच्या हयातीत जे वाद्य जन्मालाही आले नव्हते, ते त्यांच्या रचनांच्या त्या काळच्या तबकड्यांवर खाली भुंकताना ऐकू येते. मायक्रोफोन आल्यावर डबल बेस परत आले आणि ट्यूबा आपल्या जागी गेला.

ती जागा विसाव्या शतकात कुणी बदलली असेल तर आर्नल्ड जेकब्स यांनी. १९१५ साली फिलाडेल्फियात जन्मलेले जेकब्स पंधराव्या वर्षी कर्टिस संस्थेत दाखल झाले आणि इंडियानापोलिस व पिट्सबर्गमार्गे १९४४ साली शिकागो सिंफनीत आले. १९८८पर्यंत ते तिथेच होते. त्यांचे वाद्य हीसुद्धा एक कथा आहे. ग्रँड रॅपिड्सच्या यॉर्क कंपनीने १९३०च्या दशकात फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासाठी ‘सी’ पट्टीतले प्रचंड ट्यूबे बनवले होते, ऑर्गनसारखा खर्ज मिळावा म्हणून. जेकब्सचे गुरू फिलिप डोनाटेली यांना आपल्या देहयष्टीमुळे त्यांतले एक मांडीवर धरणे जमेना. त्यांनी ते शिष्याला १७५ डॉलरना विकले, आठवड्याला पाच डॉलरच्या हप्त्याने, असे सांगतात. पुढे अनेक कारखान्यांनी या यॉर्कच्या नकला काढल्या आणि अमेरिकेतल्या मोठ्या ट्यूबाचा तो नमुनाच ठरला.

जेकब्स यांची फुप्फुसांची क्षमता वयाबरोबर घटत गेली आणि दम्यानेही त्यांना छळले. तरी श्वासाच्या शास्त्रावर त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. ट्यूबाला हवा खूप लागते पण दाब कमी. ट्रम्पेटचे नेमके उलट. शिकागोच्या फाइन आर्ट्स बिल्डिंगमधल्या त्यांच्या खोलीत ट्यूबावाल्यांइतकेच ट्रम्पेट आणि हॉर्न वाजवणारेही शिकायला येत. स्नायूंचा विचार सोडा, गाणे आणि वारा एवढ्याकडे लक्ष द्या, हे त्यांच्या शिकवण्याचे सार. शिकागोचा ब्रास विभाग जगभर ज्या भरीव आवाजासाठी ओळखला जातो, त्याची पायाभरणी इथे होती. वर सांगितलेली कुबेलिक, रायनर, जुलिनी, शोल्टी यांची शिकागोतली सगळी मुद्रणे जेकब्स यांच्या काळातली आहेत.

याच काळात पश्चिम किनाऱ्यावर, लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकमध्ये, रॉजर बोबो १९६४ ते १९८९ ट्यूबा वाजवत होते. त्या वाद्यवृंदाची सूत्रे १९६२ ते १९७८ मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांकडे होती. मुंबईत १९३५ साली बॉम्बे सिंफनी उभी करणाऱ्या मेहली मेहतांचे हे चिरंजीव. ‘डेका’साठी त्यांनी १९७१ साली केलेले होल्स्टचे ‘प्लॅनेट्स’ आजही संदर्भासाठी काढले जाते. ‘युरेनस’मधल्या जादूगाराच्या थयथयाटात ट्यूबांच्या उड्या या मुद्रणात नेमक्या ऐकू येतात. भारतीय श्रोत्याने घरच्या माणसाचे म्हणून नव्हे, पण मुद्रण म्हणूनच ते आधी ऐकावे. न्यूयॉर्कच्या बाजूने बर्नस्टाइन यांचे १९५८चे गर्श्विनच्या ‘अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस’चे मुद्रण घ्यावे. तिथे रचनेच्या शेवटाजवळ ट्यूबाला छोटीशी एकल सुरावट मिळते, आणि तेव्हा न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या ट्यूबावर विल्यम बेल होते. रशियन बाजूने प्रोकोफिएव्हची पाचवी सिंफनी. कारायान यांच्या १९६८च्या बर्लिन मुद्रणात पहिल्या भागाचा पाया ट्यूबा कसा खेचत नेतो ते कळते.

इंग्लंडमध्ये बारीक नळीचा एफ ट्यूबा बराच काळ टिकला. ८१ वर्षांच्या व्हॉन विल्यम्स यांनी लंडन सिंफनीच्या पन्नाशीनिमित्त बास-ट्यूबासाठी कन्चेर्टो लिहिला, तेव्हा अनेकांना तो म्हाताऱ्याचा विनोद वाटला. १३ जून १९५४ रोजी रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये फिलिप कॅटेलिने यांनी बार्बिरोली यांच्याबरोबर तो प्रथम वाजवला, आणि त्याच वर्षी ही मंडळी तो मुद्रितही करून गेली. मधला ‘रोमान्झा’ हा भाग ऐकल्यावर विनोदाचा विषय संपतो: इंग्लिश लोकगीतासारखी लांब, वळणदार सुरावट, जणू चेलोसाठी लिहिलेली. पुढे जॉन फ्लेचर यांनी आंद्रे प्रेव्हिनबरोबर, आणि जेकब्स यांनी बारेनबॉइमबरोबर हाच कन्चेर्टो मुद्रित केला. तिन्ही शेजारी ठेवून ऐकण्यासारखी आहेत. कॅटेलिने यांचा आवाज सडपातळ, बोलका. फ्लेचर यांचा गाणारा. जेकब्स यांचा रुंद, भरलेला. एकाच रचनेत तीन वाद्यपरंपरा ऐकायला मिळतात, आणि फक्त एक घ्यायचे असेल तर फ्लेचर यांचे घ्यावे. १९५५ साली हिंडेमिथने ट्यूबा आणि पियानोसाठी सोनाटा लिहिला. त्याचे १९७६चे मुद्रण फिलाडेल्फियाचे एब टॉर्चिन्स्की आणि पियानोवर ग्लेन गुल्ड यांचे आहे.

ज्यांनी यातले काहीच ऐकलेले नाही त्यांनीही ट्यूबा ऐकलेला असतो. १९७५च्या ‘जॉज’ चित्रपटात शार्कच्या दोन स्वरांवर उंच पट्टीत येणारी सुरावट लॉस एंजेलिसच्या टॉमी जॉन्सन यांच्या ट्यूबावरची, आणि १९८३च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये जाडजूड जब्बाचे वर्णन करणारा ट्यूबा जॉन फ्लेचर यांचा.

जेकब्स निवृत्त झाल्यावर १९८९ साली शिकागोत जीन पोकॉर्नी आले. डोनाटेलींनी हप्त्याने विकलेले ते यॉर्क तोवर वाद्यवृंदाच्या मालकीचे झाले होते, आणि पोकॉर्नीही त्याच्यावरच वाजवू लागले.